हिवाळ्यात गाईचे केस गळून कातडी उघडी पडते, काय लावावं?

काय लावावं ते नंतर. घरात कोणी जळकं ऑईल लावा म्हणणारं असेल, तर आधी त्याला गोठ्यापासून लांब ठेवा.

आमचं गाव निफाड तालुक्यात. काही वर्षी इथे पारा ५ अंशांच्या खाली जातो, मग द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आमच्या चुलत सासऱ्यांनी त्या थंडीला भिऊन गोठा चारी बाजूंनी बारदान आणि काळा कागद ठोकून बंद केला. आत ऊन नाही, वारा नाही, मुताच्या वासाने डोळे चुरचुरायचे. त्यातच एका कालवडीच्या मानेवरचे केस जायला लागले. दिवसभर गव्हाणीच्या लाकडावर मान घासायची, लाकूड गुळगुळीत झालेलं. "थंडीनं उललंय," मामा म्हणाले आणि ट्रॅक्टरचं काढलेलं ऑईल ब्रशने मानेपासून पाठीपर्यंत फासलं. मी नको म्हटलं तर, "तुझ्या माहेरी किती गाया होत्या?" (होत्या मामा. सिन्नरला दुधावरच घर चालायचं आमचं.) कालवडीने अंग चाटलं, हगवण लागली, आणि आठवड्याभरात ऑईलखालची कातडी पापुद्रे सुटावे तशी निघाली.

डॉक्टरांनी तिला आधी उन्हात बांधायला लावलं. शेपटीच्या मुळाशी ऑईल पोचलं नव्हतं, तिथले केस भांग पाडल्यासारखे फाकवून दाखवले. तिळाहून बारीक, तपकिरी उवा सरकत होत्या, केसाकेसाला लिखा. हिवाळ्यात केस दाट होतात, कातडीला ऊन लागत नाही, जनावरं एकमेकांना खेटून असतात, म्हणून उवा फोफावतात. औषध सगळ्या गोठ्याला एकाच दिवशी करायला सांगितलं आणि दोन आठवड्यांनी परत, कारण लिखा पहिल्या खेपेला मरत नाहीत. नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नका. ते रक्त पिणाऱ्या उवांना लागू पडतं, कातडी कुरतडणाऱ्यांना तितकंसं नाही, त्यांना अंगावर लावायचं औषधच लागतं.

होळीपर्यंत केस आले. मामा अजून पारावर सांगतात, ऑईलनं गुण आला. ऑईल न लावलेल्या गाईंचेही केस तेव्हाच आले, ते मात्र सांगत नाहीत. कागद मी फाडला होता, उत्तरेची एक बाजू सोडून. एकही जनावर गारठून मेलं नाही.

आता तुमचं. गाय खाजवत असेल, तर उन्हात केस फाकवून बघा. उवा दिसल्या नाहीत आणि कातडी जाड, सुरकुतलेली झाली असेल तर खरूज असू शकते, डॉक्टरांना कातडी खरवडून तपासायला सांगा. वासराच्या डोळ्यांभोवतीचे गोल, राखाडी, खपलीचे डाग ते बहुतेक गजकर्ण. दोन-चार महिन्यांत आपोआप जातं, पण माणसालाही होतं, तेव्हा पोरांना वासराच्या गळ्यात पडू देऊ नका आणि त्याचा खरारा दुसऱ्या जनावराला वापरू नका. नुसत्या जुन्या कडब्यावर जनावरं असतील तर हिरवा चारा आणि खनिज मिश्रण चालू करा, कातडीला 'अ' जीवनसत्त्व लागतं आणि जुन्या कडब्यात ते नावालाही नसतं.

संक्रांतीनंतर खाज नसताना, कातडी स्वच्छ असताना केस झडत असतील तर काहीच करू नका, हिवाळ्याची लव जातेय.

ताप आणि अंगावर गाठी असतील तर हे सगळं सोडा, लम्पी समजून जनावर वेगळं बांधा आणि लगेच दवाखान्यात कळवा. गाय गाभण असेल तर औषधाआधी डॉक्टरांना तसं सांगा. दुभती असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्या, तोवर डेअरीला घालू नका आणि घरातही घेऊ नका.