‘रेग’ला नोंदक म्हणावे का?

व्हीएचडीएल आणि व्हेरिलॉग या डिजिटल सर्किट शब्दांत लिहिण्याच्या भाषांबद्दल प्रश्न असा आला आहे: व्हीएचडीएलमधल्या ‘सिग्नल’ला व्हेरिलॉगमध्ये काय म्हणायचे, ‘वायर’ की ‘रेग’? आणि मराठीत ‘रेग’साठी ‘नोंदक’ चालेल का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. ‘रेग’ हे ‘रजिस्टर’चे (किंमत साठवणाऱ्या घटकाचे) लघुरूप दिसते खरे, पण ते नाव फसवे आहे. व्हेरिलॉगच्या ‘ऑलवेज’ ब्लॉकमध्ये, म्हणजे क्रमाने चालणाऱ्या विधानांच्या गटात, ए आणि बी यांचा अँड करून तो वायला द्या. वाय ‘रेग’ म्हणून घोषित केला नसेल तर कंपायलर अडवतो. केला, तर सिंथेसिसनंतर, म्हणजे कोडचे सर्किट झाल्यावर, हाती येते निव्वळ अँड गेट. किंमत साठवणारा फ्लिप-फ्लॉप औषधालाही नाही. तेच ब्लॉकबाहेर ‘असाइन’ या कायमच्या जोडणीने लिहिले तर वाय ‘वायर’ हवा, आणि गेट तेच. म्हणजे ‘रेग’ एवढेच सांगतो की याला किंमत कुठून दिली जाणार. व्हेरिलॉगच्या २००१च्या प्रमाणकात ‘रेग’च्या गटाचे ‘रजिस्टर’ हे नाव बदलून ‘व्हेरिएबल’ केले ते उगाच नाही.

मग ‘चल’ म्हणावे? इथे दुसरा खड्डा आहे. व्हीएचडीएलमध्येही ‘व्हेरिएबल’ आहे, पण तो सिग्नलहून वेगळा: त्याची किंमत जागच्या जागी बदलते, सिग्नलची प्रोसेस (क्रमाने चालणारा ब्लॉक) थांबल्यावर. क्लॉकच्या कडेवर ‘ए’ला बी आणि ‘बी’ला ए दिला, तर सिग्नलांची अदलाबदल होते, व्हेरिएबलांत दोन्हीकडे ‘बी’च उरतो. व्हेरिलॉगमध्ये हा फरक नावात नसून चिन्हात आहे. तोच ‘रेग’ ‘<=’ने सिग्नलसारखा वागतो आणि ‘=’ने व्हेरिएबलसारखा. त्यामुळे ‘सिग्नल म्हणजे वायर की रेग’ याला एका शब्दात उत्तर नाही. सिग्नल दोघांचीही कामे करतो.

किमतींचेही तसेच. व्हेरिलॉगमध्ये चार: ०, १, एक्स (अनिश्चित), झेड (न जोडलेला). व्हीएचडीएलच्या ‘स्टँडर्ड लॉजिक’मध्ये नऊ, आणि त्यातला ‘यू’ मला फार आवडतो. रीसेट द्यायला विसरलात तर सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या चाचणीत) ‘यू’ दिसतो, म्हणजे याला अजून कोणी हात लावलेला नाही. दोन ड्रायव्हर, म्हणजे किंमत देणारे स्रोत, भांडले की ‘एक्स’. व्हेरिलॉगमध्ये दोन्ही प्रसंगी ‘एक्स’च, मग शोधत बसा. व्हीएचडीएलमध्ये ‘अनरिझॉल्व्ह्ड’, म्हणजे एकच ड्रायव्हर चालणारा, प्रकार घेतला तर दुसरा ड्रायव्हर सिम्युलेशन सुरू होण्याआधीच पकडला जातो.

राहिला ‘सिग्नल’. ‘संकेत’ नको. त्या शब्दाला खूण, प्रघात आणि गुपचूप भेटीचा ठराव असे तीन अर्थ आधीच आहेत. ‘या संकेताला दोन ड्रायव्हर’ वाचून हसू येते. सिग्नल, वायर, रेग हे तसेच देवनागरीत लिहावेत. सिस्टमव्हेरिलॉगमध्ये, म्हणजे व्हेरिलॉगच्या वाढीव आवृत्तीत, ‘लॉजिक’ हा एकच शब्द बहुतेक ठिकाणी पुरतो, पण एकाहून जास्त ड्रायव्हर असलेल्या बसला (सामाईक तारांना) तिथेही ‘वायर’च लागते.