पेरुजियाचा रेल्वे पास नंतर, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : वय ३४, पुण्यात नोकरी, हातात पगार ६२,०००. पुढच्या मे महिन्यात बिनपगारी रजा काढून १२ आठवडे पेरुजियाला इटालियन शिकायला जाणार आहे. सुट्टीच्या दिवशी असिसी, स्पेल्लो, ऑर्व्हिएतो, गुब्बिओ ही डोंगरावरची मध्ययुगीन गावं पाहायची आहेत. त्यासाठी ६०,००० वेगळे ठेवलेत. रेल्वे पास घ्यावा की भाड्याची गाडी? साठवलेल्या ६ लाखांपैकी ३ लाख बँकेने हमखास उत्पन्नाच्या योजनेत गुंतवून दिलेत (७ वर्षं भरायचे), जाण्याआधी काढता येतील म्हणाले. कागद १९ दिवसांपूर्वी आले.

उत्तर : पासही नको, गाडीही नको. पण त्याआधी ती योजना. ती विमा पॉलिसी आहे आणि तुमच्या हातात ११ दिवस उरलेत.

वर्षाला ३ लाख म्हणजे महिन्याला २५,०००, पगाराचे ४० टक्के. एकूण २१ लाख. दुसरा हप्ता नेमका बिनपगारी रजेच्या तोंडावर येणार. एवढं करून अशा योजनांचा परतावा साधारण ५-६ टक्के. मध्येच मोडलीत तर भरलेल्यातला बराच भाग बुडतो. वर्षभरात लागणारे पैसे हिच्यात घालायला लावणं ही सरळ फसवणूक आहे.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. ई-मेलने आधी आली असेल तर दिवस तेव्हापासून मोजतात, म्हणून आजच इनबॉक्स तपासा. लेखी अर्ज बँकेत नव्हे, विमा कंपनीच्या शाखेत द्या: पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, कारण, सोबत रद्द केलेला चेक. शिक्क्याची पोहोच घ्या, ई-मेलही करा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं विमा शुल्क कापून बाकी रक्कम परत मिळते. बँकेतले लोक 'दुसरी योजना देतो' म्हणत दिवस घालवतील, ऐकू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. आलेले पैसे एप्रिलपर्यंतच्या एफडीत ठेवा.

आता प्रवास. असिसी आणि स्पेल्लो पेरुजियाहून फोलिन्योकडे जाणाऱ्या एकाच मार्गावर आहेत. असिसीला जाऊन-येऊन सात-आठ युरो. पासचा एक दिवस याच्या कितीतरी पट महाग. असिसीचं स्टेशन खाली सपाटीवर आहे, वर गावात बस जाते. ऑर्व्हिएतोला स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, वर चढते. गुब्बिओला रेल्वेच नाही, बसने जा, तेही शनिवारी. रविवारी बस फार कमी. प्रादेशिक रेल्वेगाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. गाडी भाड्याने घेतली तर जुन्या गावाच्या वेशीवर वाहनबंदीचे कॅमेरे असतात. दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते, वर भाडे कंपनीचं शुल्क वेगळं.

दहा सहली, प्रत्येकी २० युरो, युरो ढोबळ शंभर रुपयांचा धरला तर सुमारे २०,०००. उरलेले ४०,००० परतल्यावरच्या पहिल्या महिन्यासाठी राखून ठेवा, कारण पगार सुरू व्हायला तेवढा वेळ जाईल. आणि १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन या अल्पमुदतीच्या व्हिसाची मर्यादा ९० दिवसांची आहे, येण्या-जाण्याचे दिवसही त्यातच धरतात. शिक्षण संपल्यावर आणखी पंधरवडा फिरायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.