विंडोज ९८ च्या काळातलं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालेल का?

३२-बिट असेल तर बहुतेक वेळा चालेल ('बिट' म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलाय, त्याचं माप). १६-बिट असेल तर थेट नाहीच चालणार. कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. ३२-बिटसाठी मात्र 'वॉव६४' ही सोय आतच असते. गोची अशी, की त्या काळच्या काही सीड्यांवर प्रोग्रॅम ३२-बिट, पण त्याचा सेटअप १६-बिट असायचा. सेटअपवर डबल क्लिक केल्या केल्या 'हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही' असं आलं, तर बहुधा हेच झालंय.

सेटअप झाला पण प्रोग्रॅम अडखळतोय? मग त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त विंडोज ९८ निवडा. डॉसचा (विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या प्रणालीचा) प्रोग्रॅम असेल तर सरळ डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम. १६-बिटवाल्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी उभा करणारा प्रोग्रॅम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका (त्याला इंटरनेट देऊ नका).

एक अट: सॉफ्टवेअरला स्वतःचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्रॅम) किंवा डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली) लागत असेल तर कम्पॅटिबिलिटी मोडचा उपयोग नाही. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर घेतच नाही.