बर्फातले टायर आणि बाबांचा हिशोब

गोव्यातल्या साखळी गावाहून तू विचारलंस: नोव्हेंबरात बायको-मुलाला घेऊन कॅनडात कॅलगरीला येतोय, कामासाठी जुना पिकअप घ्यायचाय, तर ऑल-टेरेन टायर (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारे) बर्फावर पकड चांगली असलेले घेऊ की जास्त किलोमीटर चालणारे? व्हिसा, बँक, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते सांगत बसत नाही. टायरचं मात्र सांगायलाच हवं. तुझा प्रश्न वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय.

आमच्या घरी टिपर होता. डिचोलीच्या खाणीवरून जेटीवर खनिज न्यायचा. बाबा टायरचा हिशोब खेपांमध्ये करायचे. बटन टायर झिजून गोटा झाला की रिमोल्ड, म्हणजे त्यावरच नवी नक्षी चढवायची, आणि तो पुन्हा गोटा होईपर्यंत चालवायचा. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, टिपर अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला, हप्ते मात्र चालूच राहिले. २०१४ला मी इकडे आलो तो बाबांचा हिशोब डोक्यात घेऊनच. पहिला पिकअप घेतला तेव्हा सगळ्यात लांब वॉरंटीचे टायर निवडले. बाजूला 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं दिसलं, म्हटलं बर्फाचंही काम झालं.

झालं नव्हतं. 'एम प्लस एस' म्हणजे फक्त नक्षीची ठेवण, त्यासाठी कसली चाचणी होत नाही. तू बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असलेलं चिन्ह. ते चाचणीनंतरच मिळतं. पण ती चाचणीही दाबलेल्या बर्फावर गाडी किती जोर धरून पुढे जाते एवढंच बघते. ब्रेक लावल्यावर ती किती लांब घसरते आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर काय होतं, हे त्यात येत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या फोर-व्हीलचंही तसंच. ती गाडी हलवते, थांबवत नाही. त्यात पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात, म्हणून इथले लोक मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वाळूच्या गोणी टाकतात.

आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट उलटी वाटते. खाणीवरचा लाल चिखल टायरने झटकून टाकायचा असतो. बर्फ मात्र नक्षीत धरून ठेवायचा असतो, कारण बर्फाला बर्फच चिकटतो. ते काम रबरावरचे बारीक कापे करतात आणि त्यासाठी रबर मऊ राहावं लागतं. साधारण ७ अंशांच्या खाली साधं रबर कडक व्हायला लागतं. जास्त चालणारा टायर बहुतेक वेळा मुळातच कडक रबराचा असतो. म्हणजे तू ज्या दोन गोष्टींमध्ये निवड करतोयस त्या एकमेकींच्या जिवावरच उठलेल्या आहेत. नव्या ऑल-टेरेनची नक्षी साधारण १२ मिलिमीटर खोल असते. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण ५च्या खाली गेली की बर्फावर तो टायर संपला म्हणून समज, दिसायला कितीही धडधाकट असला तरी.

माझे तिसऱ्या हिवाळ्यात बरोबर ५वर आले होते. मोजले होते मी. अजून दोन वर्षं जातील, असं ठरवून टाकलं.

त्या सकाळी लेकीच्या शाळेत बोलावलं होतं. साखळीला चौथीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या तिनात असलेली मुलगी, तिला इथे इंग्रजीसाठी वेगळ्या वर्गात बसवत होते. आदल्या दिवशी चिनूक, म्हणजे डोंगरावरून येणारा उबदार वारा, सुटून सगळं वितळलं होतं आणि रात्रीत पुन्हा गोठलं होतं. शाळेच्या अलीकडच्या चौकातल्या 'स्टॉप'च्या पाटीला ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) थरथरलं, आणि गाडी आपल्याच संथ गतीने सरळ चौकात गेली. समोरून कोणी आलं नाही. कठड्याला चाक आपटून थांबलो. मागच्या सीटवर ती दप्तर पोटाशी धरून गप्प बसली होती. त्यानंतर शाळेत मी काहीच बोललो नाही, ते सांगतील तिथे सही केली. शिवाय घरी येऊन तिला म्हटलं, वर्षभर घरातही इंग्रजीच बोलायचं. आज ती आजोबांना फोनवर इंग्रजीत उत्तरं देते. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तू असं करू नकोस.

आता घ्यायचं काय. शहरातच राहणार असशील तर जे ऑल-टेरेन गाडीवर येतील ते उन्हाळ्यात चालव आणि रिमसकट खऱ्या हिवाळी टायरांचा वेगळा संच घे. पैसे एकदम जातात, पण दोन्ही संच अर्धं अर्धं वर्षच झिजतात. वेगळा संच परवडत नसेल तर चांदणीच्या चिन्हाचेच ऑल-टेरेन घे, आणि ५ मिलिमीटरला काढून टाक. अवजड माल वाहायचा नसेल तर दहा प्लायचे, म्हणजे जड ओझ्यासाठीचे, घेऊ नकोस, ते कडक असतात. टायर कधी बनला ते कळायला बाजूवरच्या 'डॉट' क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघ: ३५२२ म्हणजे २०२२चा ३५वा आठवडा. जुनं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक होतं. आल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, हिवाळी टायरांची सक्ती नाही, पण बॅन्फच्या पुढे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शिरलास की बहुतेक डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून आहे. आणि पहिला बर्फ पडला की दुकानांत रांगा लागतात.

गाडी चालवल्याच्या अनुभवाचं पत्र गोव्यातूनच घेऊन ये. माझ्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, शेवटी क्यू-यू-ई, आणि पासपोर्टवर नुसता के. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे पटवण्यात महिने गेले. तुझं तसं काही असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून घे.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो, जातो.

बाबांनी फोनवर विचारलं होतं, टायर किती चालले? मी ८०,००० सांगितलं. काढले तेव्हा ४६,००० झाले होते. ते खूश झाले, आईला हाक मारून त्यांनी तो आकडा सांगितला. खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.

गाडी ठरवण्याआधी चारही टायरांच्या बाजूचे फोटो पाठव. खोली मोजायचं गेज माझ्याकडे आहे, रविवार असेल तर मीच येतो.