टॉम जेरीला खाऊन का टाकत नाही?

तुमचा पाच वर्षांचा मुलगा कार्टून बघताना रोज विचारतो, ‘टॉम जेरीला खाऊन का टाकत नाही? ते शत्रू आहेत की मित्र?’ आणि त्याला काय सांगावं ते तुम्हाला सुचत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

माझं उत्तर सोपं आहे. टॉमचं पोट भरलेलं असतं. त्याला काळजी असते ती घराची.

हे अगदी पहिल्या भागातच दिसतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम स्टुडिओसाठी केलेला ‘पुस गेट्स द बूट’ फेब्रुवारी १९४० मध्ये थिएटरांत लागला. त्यात टॉमचं नाव अजून टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. घर सांभाळणारी बाई त्याला बजावते की आता एक जरी वस्तू फुटली तरी तू घराबाहेर. उंदीर हे ऐकतो आणि त्याला मांजराला नमवायची किल्ली सापडते. तो काचेचा ग्लास टेबलाच्या कडेवर आणून धरतो. पंजा उगारलेलं मांजर तिथल्या तिथे थिजतं. एवढंसं पिल्लू उंदराचं, पण त्याच्या हातात त्या धिप्पाड मांजराचं छप्पर आहे. हा प्रसंग मुलाबरोबर बघा आणि मांजराचे डोळे कुठे आहेत ते त्याला विचारा. ते उंदराकडे नसतात, ग्लासाकडे असतात.

पुढे मालिका होईल असं स्टुडिओत कोणाला वाटत नव्हतं. टेक्सासमधून थिएटरवाल्यांकडून ‘असे आणखी आहेत का’ अशी विचारणा आली तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. नावासाठी स्टुडिओतच स्पर्धा झाली आणि ‘टॉम अँड जेरी’ सुचवणाऱ्या जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरला ५० डॉलर मिळाले. मग १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांनी ११४ भाग केले, त्यांतल्या सात भागांना ऑस्कर मिळालं.

आता शत्रू की मित्र? त्यासाठी १९४३ चा ‘द लोन्सम माउस’ बघाच. त्यात जेरी युक्ती करून टॉमला घराबाहेर काढतो. सगळं घर त्याचं एकट्याचं. तो नाचतो, बागडतो, मनसोक्त हुंदडतो. आणि थोड्याच वेळात कंटाळतो. मागे धावणारं कोणी नाही, तर पळायचं कशाला? शेवटी तो स्वतःच टॉमकडे जातो, दोघं कुजबुजत बेत ठरवतात, जेरी त्या बाईला घाबरवतो आणि टॉमला पुन्हा घरात घ्यायला लावतो. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, हे आपण नवराबायकोंबद्दल म्हणतो, पण मला विचाराल तर ते या भागासाठीच जन्माला आलंय. शेवटी बक्षीस म्हणून टॉमला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ मिळतो, जेरी त्यातला वाटा मागायला जातो आणि टॉम देत नाही. हेही खरं वाटतं. वाटेकरी आला की मांजर ते मांजरच.

१९४८ च्या ‘ओल्ड रॉकिन चेअर टॉम’मध्ये टॉम म्हातारा झाला म्हणून त्याच्या जागी लाइटनिंग नावाचा चपळ बोका आणतात. तो टॉमलाही हाकलतो आणि जेरीलाही. मग ही दोघं एक होतात. लाइटनिंगच्या पोटात कपड्यांची इस्त्री जाते आणि बाहेरून लोहचुंबक लावून त्याला घरभर ओढत नेलं जातं. तुमचा मुलगा यावर पोट धरून हसेल, खात्री देते.

मला स्वतःला हे सगळं कळलं ते आजीमुळे. आमच्याकडे केबल आली तेव्हा आजीला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. बातम्या, मालिका, कीर्तन, सगळं तिच्यासाठी नुसती तोंडं हलणं. टॉम अँड जेरी मात्र ती आमच्या शेजारी सतरंजीवर बसून पूर्ण बघायची, कारण त्यात ऐकण्यासारखं बोलणंच नसतं. एकदा डिसेंबर १९४१ चा ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ लागला होता. ख्रिसमसच्या रात्री पळापळीत जेरी बाहेर बर्फात जातो आणि टॉम दार पक्कं लावून घेतो. आत शेकोटी, मऊ उशी, सगळं त्याच्या मनासारखं. पण त्याला चैन पडत नाही. तो दाराकडे बघतो, तोंड फिरवतो, पुन्हा बघतो. आजी एकदम मोठ्याने म्हणाली, ‘अरे, पोर गारठून मरेल ते, उघड की दार!’ टॉमने दार उघडलं, काकडून कडक झालेल्या जेरीला आत आणून शेकोटीपाशी ठेवलं, तेव्हा तिने पदराने डोळे टिपले.

हीच आजी कोठीच्या खोलीत उंदराचा पिंजरा लावायची. त्यात भाकरीचा तुकडा तेलात बुडवून अडकवायची. सकाळी पिंजऱ्यात उंदीर सापडला की वडिलांना सांगायची, ‘ओढ्यापलीकडे सोडून ये, मारू नकोस.’ त्या कार्टूनच्या आधीही ती हेच सांगायची, त्यामुळे टॉमने तिला काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. तिला टॉम आपल्यातला वाटला, एवढंच.

त्या भागाचा शेवट मला अजून आवडतो. टॉम दूध प्यायला वाकतो तेवढ्यात जेरी त्याला थांबवतो आणि वाटीतला सापळा दाखवून देतो. आणि टॉमने जेरीच्या बिळाशी ठेवलेला सापळा सुटतो तेव्हा त्यातून ‘जिंगल बेल्स’ वाजायला लागतं.

मैत्री लिहून काढली की मात्र ती टिकत नाही. ‘द ट्रूस हर्ट्स’ मध्ये कुत्रा, मांजर, उंदीर चक्क तहावर सह्या करतात, एका बिछान्यात झोपतात, एकमेकांना जपतात आणि मांसाच्या एका तुकड्याच्या वाटणीवरून पुन्हा हाणामारीवर येतात.

एका गोष्टीकडे मुलाचे कान वळवा: संगीत. स्कॉट ब्रॅडली या संगीतकाराने प्रत्येक पाऊल, प्रत्येक घसरणं वाद्यांवर बसवलं आहे. टॉम चोरपावलांनी चालतो तेव्हा डोळे मिटून ऐकलं तरी पावलं मोजता येतात. आणि शेपटी चिमटल्यावर टॉमची जी किंकाळी फुटते ना, ती स्वतः विल्यम हॅनांच्या घशातली आहे.

पालक म्हणून एक सांगते. जुन्या भागांत घर सांभाळणारी ती कृष्णवर्णीय बाई ज्या पद्धतीने दाखवलीय, किंवा स्फोट झाल्यावर काळवंडलेल्या तोंडांवर जे विनोद केलेत, ते अपमानकारक आहेत. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीयांची तशी टिंगल सर्रास चालायची. मूल एकटं बघत असेल तर त्याला ते नुसतं गमतीचं वाटेल. म्हणून हे भाग शेजारी बसून बघा आणि ‘हे चुकीचं होतं’ असं सरळ सांगा. पाच वर्षांच्या मुलाला ते समजतं.

वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्या स्टुडिओच्या चक जोन्स यांनीही वैऱ्यांच्या दोस्तीची अप्रतिम कार्टून्स केली. राल्फ लांडगा आणि सॅम मेंढपाळ कुत्रा सकाळी डबा घेऊन कामावर येतात, घड्याळात कार्ड पंच करतात, ‘मॉर्निंग सॅम’, ‘मॉर्निंग राल्फ’ म्हणतात आणि मग दिवसभर एक मेंढ्या चोरतो, दुसरा त्याला बदडतो. भोंगा वाजला की मारणारा हात हवेतच थांबतो. पण माझ्या काळजाला हात घातला तो त्यांच्या १९५२ च्या ‘फीड द किटी’ने.

मार्क अँटनी हा राक्षसासारखा बुलडॉग. समोर एक इवलंसं काळं मांजराचं पिल्लू येतं. तो त्याच्या तोंडासमोर जीव तोडून भुंकतो. पिल्लू घाबरत नाही, सरळ त्याच्या अंगावर चढतं, पाठीवर पायांनी मळून मळून जागा करतं. नखं रुततात, कुत्र्याचा चेहरा वेडावाकडा होतो. पिल्लू गोल गुंडाळून झोपतं आणि त्या भयंकर तोंडावरचा राग हळूहळू वितळून जातो. चेहऱ्याची ती एक एक सुरकुती सैल होताना बघावी.

मालकिणीने मात्र ताकीद दिलीय की घरात आणखी एकही वस्तू आणायची नाही. म्हणून तो पिल्लू लपवत राहतो. शेवटी तो त्याला पिठात लपवतो, मालकीण नेमकं तेच पीठ बिस्किटांसाठी घेते. पिल्लू केव्हाच निसटलेलं असतं, पण ते त्याला ठाऊक नसतं. तो खिडकीबाहेरून बघतो: कणीक लाटली जाते, कापली जाते, भट्टीत जाते. तो रडून रडून कोसळतो. मालकिणीला वाटतं याला बिस्किट हवंय. ती देते, तेही नेमकं मांजराच्या आकाराचं. तो ते अलगद आपल्या पाठीवर ठेवतो, पिल्लू झोपायचं तिथेच. पिक्सार स्टुडिओच्या ‘मॉन्स्टर्स इंक’ या सिनेमात सली नावाचा धिप्पाड राक्षस, बू ही चिमुरडी कचऱ्याच्या यंत्रात चेपली गेली असं समजून कोसळतो, तो प्रसंग यालाच केलेला नमस्कार आहे.

तुमच्या मुलाला हा भाग दाखवाल तेव्हा बिस्किटांच्या आधीच त्याच्या कानात सांगून ठेवा की पिल्लू सुखरूप आहे. माझी भाची इतकी हमसून रडली होती की मला मध्येच थांबवून शेवट आधी दाखवावा लागला. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि या वेळी ती खिडकीबाहेरच्या कुत्र्याला ओरडून सांगत होती, ‘अरे, ते तिकडे नाहीये!’