परदेशात दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं आहे, बजेट बेताचं आहे आणि घरी चांगली कॉफी करायची आहे, स्वस्तातलं कोणतं एस्प्रेसो मशीन घ्यावं?

कोणतंच नको. दोन-तीन वर्षांचा मुक्काम, भाड्याचं घर आणि बेताचं बजेट असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा आधी हाताने फिरवायचा चांगला ‘बर’ ग्राइंडर (बर म्हणजे कॉफी दळणारे दातेरी भाग) घ्या आणि उरलेल्या पैशांत प्लास्टिकचा ड्रिपर, म्हणजे कागदी फिल्टर बसवून वरून पाणी ओतायचा शंकू. ‘आधी मशीन घ्या, ग्राइंडरचं नंतर बघू’ हा सल्ला दिसला की मला राहवत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मशीनचा विषय आधी संपवू. स्वस्त मशीनच्या खोक्यावर पाण्याचा दाब ‘15 बार’ असा मोठ्या अक्षरांत असतो, पण एस्प्रेसोला लागतात साधारण 9. कॉफी भरायच्या आतल्या बास्केटला दुहेरी तळ आणि खाली एकच बारीक भोक असतं. कॉफी कशीही दळलेली असो, त्या भोकातून फेस येतोच. तो फेस म्हणजे क्रेमा, एस्प्रेसोवरचा खरा दाट थर, नव्हे. शिवाय विजेचं काय? 230 व्होल्टची हीटिंग कॉइल 120 व्होल्टवर लावली तर तिची शक्ती जेमतेम पाव उरते आणि पाणी धड तापत नाही. 120 व्होल्टची 230 वर लावली तर जवळपास पावणेचार पट शक्ती खेचते आणि जळते. प्रवासात वापरतो तो ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. म्हणजे देश बदलला की मशीन विकणं आलं. हाताच्या ग्राइंडरला यातलं काहीच लागू नाही.

आता ग्राइंडर. मिक्सरसारखं पातं असलेला ग्राइंडर कॉफी दळत नाही, तोडतो. त्यातून एकाच वेळी पिठासारखी पूड आणि अर्धवट तुकडे निघतात. पुडीतून पाणी लगेच सगळं ओढून घेतं, त्याचा कडवटपणा येतो. तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, त्यामुळे आंबट, पाणचट चव येते. दोन्ही चवी एकाच कपात! मग किटली बदला, महागाची कॉफी आणा, काही उपयोग नाही. बर ग्राइंडरचं तत्त्व जात्याचं आहे: दोन दातेरी भागांमधली फट जेवढी, त्याहून मोठा कण खाली पडतच नाही. ‘मिक्सरमध्ये फिरवली तरी चालते’ म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्हीकडची चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने पसरून पाहावी. मिक्सरच्या पुडीत अख्ख्या दाण्याचे कोपरे दिसतील आणि बोटाला मैद्यासारखी धूळ चिकटेल.

घेताना स्टीलचे, निदान 38 मिलिमीटरचे बर बघा आणि मधला दांडा दोन बेअरिंगवर बसवलेला हवा. अगदी स्वस्तातल्या सिरॅमिकवाल्यांत दांड्याला खालून आधारच नसतो. बारीक दळताना ते खपून जातं, पण भरड दळायला घेतलं की आतला बर डुगडुगतो आणि पुन्हा मिक्सरसारखाच माल पडतो. सेकंड हँड घेत असाल तर खालचा डबा काढून आतला बर दोन बोटांत धरा आणि आडवा हलवून बघा. खडखडला तर सोडून द्या. दाण्यांवर दळण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून हलवलं की पूड डब्याला चिकटत नाही. स्टीलचे बर धुवायचे नाहीत, गंजतात. कोरड्या ब्रशने झाडायचे.

बनवायला प्लास्टिकचा ड्रिपर सिरॅमिकपेक्षा स्वस्तही आणि चांगलाही, कारण तो पाण्याची उष्णता कमी खातो. 15 ग्रॅम कॉफी, 250 ग्रॅम पाणी. कागदी फिल्टर आधी गरम पाण्याने धुऊन घ्या. पहिलं 40 ग्रॅम पाणी ओतून 40 सेकंद थांबा, मग उरलेलं दोन-तीन वेळा सावकाश ओता. पाणी अडीच ते तीन मिनिटांत खाली उतरलं पाहिजे. चार मिनिटं लागली आणि कॉफी कडू झाली तर ग्राइंडरची फट दोन क्लिक (टप्पे) वाढवून भरड करा. दोन मिनिटांच्या आत उतरून आंबट लागली तर बारीक. एका वेळी एकच गोष्ट बदला. दुसऱ्या कुणाच्या ग्राइंडरचे क्लिक तुमच्या मॉडेलला लागू पडत नाहीत, ते मोजत बसू नका. लांब चोचीची किटली लागत नाही, पण 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा लागतोच. गडद भाजलेले दाणे फुगून हलके झालेले असतात, त्यामुळे चमच्याचं माप दर पाकिटाला बदलतं.

फिल्टर पेपरचा खर्च नको असेल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं: 30 ग्रॅम भरड, 500 ग्रॅम पाणी, चार मिनिटं. मग वरचा थर चमच्याने मोडून फेस काढून टाका आणि आणखी चार मिनिटं गाळ बसू द्या. दट्ट्या तळापर्यंत दाबू नका.

दुधाचीच कॉफी पीत असाल तर मोका पॉट पुरे, म्हणजे शेगडीवर ठेवायचं भांडं, ज्यात खालचं पाणी कॉफीतून वर चढतं. मात्र आधी घरातली शेगडी बघा. 1933 मध्ये इटलीत निघालेला हा प्रकार मूळचा ॲल्युमिनियमचा, आणि तो इंडक्शनवर तापत नाही. स्टीलचा घ्या, पण तळाला लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच तपासा. पाणी खालच्या भांड्यावरच्या व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा, कॉफी दाबून भरू नका, आच मंद असू द्या आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा. ती गुरगुर म्हणजे वाफ कॉफीतून जाऊ लागल्याची खूण. तसाच ठेवला तर जळका वास येतो.

कॅप्सूल मशीन, म्हणजे एका कपाची कॉफी भरलेली सीलबंद डबी घालायचं मशीन, स्वस्त दिसतं. एका कॅप्सूलमध्ये साधारण 5 ग्रॅम कॉफी असते, म्हणजे किलोला 200 कॅप्सूल. एकीची किंमत 200 ने गुणून बघा.

एक राहिलंच. मनगटाचा त्रास असेल किंवा रोज सकाळी तीन-चार जणांची कॉफी करायची असेल तर हाताचा ग्राइंडर जड जाईल. अशा वेळी तिथेच सेकंड हँड इलेक्ट्रिक बर ग्राइंडर शोधा. तो रिकामा चालवून बघण्यात अर्थ नाही, मूठभर दाणे घालून चालवा. आणि तळाच्या पट्टीवरचे व्होल्ट-हर्ट्झ वाचा. तिथे ‘100–240’ लिहिलं असेल तरच पुढच्या देशात नेण्याचा विचार करा.