एक मॉप कमी आहे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी रामबागेतल्या आमच्या ओसरीवर पोह्यांची बशी हातात धरूनच तू झोपलीस. काकू उठवायला निघाली होती, मी थांबवलं. पण जाताना तू विचारलंस, "काका, मी गप्प बसायला हवं होतं का?" ते काही डोक्यातून जात नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर दुसऱ्या टेबलावर, म्हणून मोजणी तुझ्याकडे. पोटात रक्त टिपायच्या कापडी घड्या, म्हणजे मॉप, 20 दिलेले, परत भरले 19. तू सांगितलंस. सरांनी आर्टरी फोर्सेप ट्रेमध्ये आपटला. मॉप शेवटी टेबलाखालच्या बादलीत सापडला आणि आता सगळं युनिट तुला 'मुनीमजी' म्हणतं. म्हणू दे. मोजणी जुळल्याशिवाय पोट बंद करायचं नाही. मॉप बादलीत निघाला म्हणून तुझं बोलणं चूक ठरत नाही, एवढं तरी समजायला हवं होतं तुला!

मी जेआर-थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट होतो. रात्रीचं तिसरं पोट. ज्युनिअर पुटपुटला, "सर, एक कमी वाटतोय." मी खेकसलो, "नीट मोज." क्षणभराने तो म्हणाला, "बरोबर आहेत सर." त्याने मोजलेच नव्हते, माझा चेहरा बघून उत्तर दिलं. सात महिन्यांनी ती बाई पोटात गाठ घेऊन परत आली. ती गाठ नव्हती.

बाहेर परफोरेशनचा (आतड्याला भोक पडलेला) एक पेशंट खोळंबलेला, मी आदल्या सकाळपासून उभा, आणि मलाही असंच शिकवलेलं. बघ, आजही कारणंच देतोय. 1992च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या नोकरीच्या नियमांत, सलग फार तर 12 तास, आठवड्याला साधारण 48 तास असं लिहिलंय. ते कुणी वाचून दाखवलं असतं तर सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असतो. ही रेसिडेन्सी रुजवणारे अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड स्वतः कोकेन आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेले होते, हे मात्र राउंडवर कुणी सांगत नाही.

तर, मोजणी जुळल्याशिवाय पोट बंद करायचं नाही. पुटपुटू नकोस. आकडा भूलतज्ज्ञाला ऐकू जाईल असा सांग. मॉप सापडला नाही तर टेबलावरच एक्स-रे माग. त्यातला धागा एक्स-रेत दिसतो तो त्यासाठीच. (तुमच्याकडे बिनधाग्याचे येत असतील, तर ते भांडण वेगळं.) शिव्या पडतील. पडू देत.

रेसिडेन्सीची सीट सोडायची की नाही, ते झोप झाल्यावर ठरव. छत्तीस तास जागून नाही.

त्या ज्युनिअरचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.

तुझा काका